लिंबाजीमामांची जबान

"मी तुझा माणूस न्हाई. साहेबाचा बी न्हाई. पण तू जे बोलशील ते मी साहेबाला जसंच्या तसं सांगणार. कमी न्हाई, जास्ती न्हाई. म्हणून आधी इचार कर, मंग बोल."

लिंबाजीमामा हे बंगालीत म्हणायचे. मला ती भाषा येत नाही. त्यांनीच एकदा अर्थ सांगितला होता. पण ऐकून ऐकून त्या बोलण्याची चाल माझ्या कानात बसली होती. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहूनही मला कळायचं, की मामांनी आता अमुक शब्द म्हटला. मामांनी तोंड उघडलं की आधी तो चेहरा उजळायचा. घरापासून इतक्या लांब, हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात, पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा आपल्या बोलीत बोलतोय, याचा आनंद त्यावर दिसायचा. आणि मामांचं बोलणं संपेपर्यंत तोच चेहरा मिटलेला असायचा.

मी त्या काळात वारंगा फाट्याकडच्या एका ठाण्यात शिपाई होते. मामा फाट्यापासून आत असलेल्या एका लहान गावाचे पोलीस पाटील. लिंबाजी गडदे त्यांचं नाव. पण आमचे साहेब धरून सगळं ठाणं त्यांना मामाच म्हणायचं. घर धनगराचं, मेंढरांचं. मात्र मामांची उमेदीची सगळी वर्षं बंगालच्या सीमेवर, तारेच्या कुंपणाशी नोकरी करण्यात गेली. तिथेच ते ती भाषा शिकले. पेन्शन घेऊन परत आले, भावाच्या मेंढरांत स्वतःची मेंढरं मिळवली आणि गावाने गळ घातली म्हणून पोलीस पाटील झाले.

नोकरीचे दोन-तीन अवशेष त्यांच्या अंगावर राहून गेले होते. धोतर नेसायचे, पण पायात चप्पल कधी नाही. तपकिरी बूट, तेही पॉलिश केलेले. मेंढवाड्यात शिरायचे तरी बूट घालून. चहा बिनदुधाचा, लाल. "दुधाच्या घरात जन्मून काय ही अवदसा," असं त्यांच्या बायकोचं, कौसाकाकूंचं म्हणणं. आणि मासे. ईसापूर धरणाचे मासे कोणी विकायला आणले की मामा हमखास घ्यायचे. काकू माळकरी. त्यामुळे मामांची चूल अंगणाच्या टोकाला, बाभळीखाली, तीन दगडांची. नांदेडहून मागवलेलं मोहरीचं तेल ते त्या चुलीवर तापवायचे. त्या वासाने शेजारी ठसकायचे आणि काकू घराचं दार लावून घ्यायच्या. जेवण झाल्यावर मामा भांडी स्वतः घासायचे, अंघोळ करायचे आणि मगच दार वाजवायचे. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाने स्वतःच्या घराचं दार असं परवानगी मागितल्यासारखं वाजवताना मी पाहिलंय.

पोलीस पाटलाला ठाण्यात काम पडतं ते महिन्याच्या बैठकीपुरतं, नाहीतर गावात काही घडलं तर. मामांचं येणं वाढलं ते वरून आदेश आल्यावर. बाहेर देशातून येऊन बिनकागदाचे राहिलेले लोक शोधा, असा तो आदेश होता. दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून हिंगोलीला, हिंगोलीहून ठाण्याला आणि ठाण्यातून शेवटी गावोगावच्या ग्रामसेवकाच्या आणि पोलीस पाटलाच्या दारात. आमच्या भागात बंगाली बोलणारी माणसं थोडीच. फरशी बसवणारे, सराफांकडचे कारागीर, फुगे देऊन बायकांकडून गळालेले केस गोळा करणारे. त्यांतले बहुतेक या देशातलेच, आपल्यासारखेच. पण ठाण्यात आणून बसवलं की हिंदी अडखळायची, आणि अडखळणारा माणूस पोलिसाला खोटा वाटतो. मग साहेब म्हणायचे, "मामांना फोन लावा."

मामा येऊन साहेबांच्या शेजारी कधी बसले नाहीत. साहेब खुर्ची पुढे करायचे. मामा ती उचलून त्या माणसाच्या बाजूला न्यायचे आणि साहेबांकडे तोंड करून बसायचे. म्हणजे साहेबांसमोर दोन आरोपी बसल्यासारखं दिसायचं.

फाट्याजवळ एका मंगल कार्यालयाची फरशी बसवणारी पाच जणांची टोळी आणली होती तेव्हाची गोष्ट. त्यांचा मुकादम मनिरुल नावाचा, तिशीतला. हातांना सिमेंटने भेगा पडलेल्या. मामांनी नेहमीचं बोलून घेतलं, मग विचारपूस केली. घर कुठं, घरी कोण, गावाजवळ नदी कोणती. तो बोलत गेला, मामा साहेबांना सांगत गेले.

साहेब म्हणाले, "मामा, तो काय म्हणतो ते कळलं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. तुम्ही इतकी वर्षं तिथं काढली. इकडचा का तिकडचा, बोलण्यावरून ओळखू येत नाही?"

"न्हाई येत."

"अहो, काहीतरी फरक असेलच की."

मामा म्हणाले, "साहेब, आपल्या कळमनुरीचा एक माणूस आणा अन् पैनगंगेपल्याडचा उमरखेडचा एक आणा. मी डोळे मिटून बसतो. दोघं बोलू द्या. कोण हिंगोलीचा अन् कोण यवतमाळचा, हे मी सांगितलं तर मला खोटारडा म्हणा."

साहेब हसले. वाईट नव्हते ते. दर आठवड्याला वर काहीतरी कळवावं लागे, त्याचा ताण त्यांच्या मानेवर असायचा. "मग मी करू काय?" ते म्हणाले.

"त्याच्या गावाला इचारू. मी इचारतो."

दुपारभर मामा ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभे राहून फोन लावत होते. मनिरुलच्या भावाकडून गावच्या पंचायतीच्या एका सदस्यबाईंचा नंबर मिळाला. त्या बाई आधी ओरडल्या, मग रडल्या, मग पंचायतीच्या कचेरीत गेल्या. संध्याकाळपर्यंत तिकडच्या ठाण्याचा फोन आमच्या ठाण्याला आला. पाचही जण सुटले. मनिरुल मामांच्या पाया पडायला वाकला, तर मामा मागे सरले. "मी कायबी केलं न्हाई. तू खरं बोलला, मी खरं सांगितलं," एवढंच म्हणाले.

असं कितीतरी वेळा झालं. हळूहळू साहेबांना सवय लागली, की मामा 'इकडचा' म्हणाले की चौकशी पुढे करायची ती त्या माणसाच्या बाजूने. वरचे अधिकारीसुद्धा विचारायचे, "तुमच्या त्या पोलीस पाटलाचं काय म्हणणं आहे?" मामांच्या शब्दाला वजन होतं, कारण त्यांनी कोणासाठी तो शब्द वाकवला नव्हता.

एकदा केस गोळा करणारी एक बाई आली होती. हातात फुग्यांची पिशवी, ती खाली ठेवायला तयार नव्हती. मी तिला पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवून म्हटलं, "घाबरू नका." मामांनी ते ऐकलं. काम झाल्यावर, ती बाई सुटून गेल्यावर, त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"पोरी, ते शब्द परत कुणाला म्हणू नको."

"का मामा? धीर दिला फक्त."

"तुझ्या हातात हाय का ते? साहेबानं बसवून ठिवलं असतं तर तू तिला सोडवणार व्हतीस का? मंग काहून म्हणती?"

मामांनी खिशातून रुमाल काढून बुटावरची धूळ पुसली. मग सांगितलं. सीमेवर नवे होते तेव्हाची गोष्ट. थंडीची सकाळ, धुकं इतकं की स्वतःचा हात दिसू नये. उंच मोहरीच्या शेतात कोणीतरी दडलं होतं. मामा नुकतेच बंगाली शिकलेले, शिकल्याची हौस अंगात. त्यांनी हाक दिली, "भय नेई, एशो." घाबरू नको, ये. मोहरीतून एक म्हातारा उठून आला. लेकीला भेटायला निघालेला, डोक्यावर चिवड्या-मुरमुऱ्यांचं गाठोडं. सरळ मामांकडे चालत आला, हसत. मामांच्या वरच्या साहेबाने त्याला तिथेच लाथेखाली घातलं.

"त्यो मार खाताना माझ्याकडंच बघून राहिला व्हता," मामा म्हणाले. "त्या साहेबावर राग न्हाई त्याच्या डोळ्यांत. माझ्यावर. कारण भरवसा त्यानं माझ्यावर ठिवला व्हता."

त्या दिवसापासून मामांनी कोणालाच धीर दिला नाही. आधी सांगायचं ते सांगायचं आणि मग विचारायचं.

पुढची गोष्ट मामांच्या गावातलीच. ती मला सलग कोणी सांगितली नाही. थोडी मामांनी सांगितली, थोडी काकूंनी, आणि थोडी खुद्द शेवंताने.

शेवंता म्हणजे मामांच्या शेजारच्या गयाबाईची सून. तिचं खरं नाव शेफाली. गयाबाईच्या तोंडात ते नाव बसेना, म्हणून तिने पहिल्याच दिवशी शेवंता केलं. आमच्याकडे मेंढरांमागे फिरणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत. मग कोणी कोणाच्या ओळखीने लांबून मुली करून आणतं. गयाबाईच्या भगवानची बायको तशीच बंगालमधून आली. आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. आता तिचं बोलणं ऐकून ती औंढ्याची की कळमनुरीची, असं विचारावं लागलं असतं. दोन मुली झाल्या. मोठी शाळेत जाणारी, धाकटी अजून कडेवर. आजारी कोकराला बोटाने दूध पाजण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही, असं गयाबाईच सांगायची. मामा तिच्याशी कायम मराठीतच बोलले. काकूंनी एकदा विचारलं होतं, की तुम्हाला तिची बोली येते तर बोलत का नाही. मामा म्हणाले होते, "तिनं ती बोली मागं ठिवली. मी काहून उकरू?"

गावातल्याच कोणीतरी तिच्याबद्दल वर कळवलं. कोणी, ते शेवटपर्यंत समजलं नाही. वरून साहेबांकडे विचारणा आली आणि साहेबांनी मामांना सांगितलं, "तुमच्याच गावचं आहे. तुम्हीच जाऊन विचारून घ्या. इथं आणून बसवायला नको तिला."

साहेबांनी ते भल्यासाठीच म्हटलं होतं.

मामा सकाळी गयाबाईच्या अंगणात गेले. भगवान तेव्हा मेंढरं घेऊन नांदेडच्या बाजूला गेला होता, कोणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायला. गयाबाई खाटेवर बसून लोकर विंचरत होती. शेवंता अंगण सारवत होती. मामा बसले नाहीत. म्हणाले, "शेवंता, मी आज पोलीस पाटील म्हणून आलोय." आणि मग मराठीत तेच वाक्य. तू जे बोलशील ते मी साहेबाला जसंच्या तसं सांगणार. आधी इचार कर, मंग बोल.

"तुझा जन्म कुठला, ते साहेबानं इचारलंय."

शेवंताचे हात शेणात माखलेले होते. ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिने मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या अंगणात बंगालीत बोलली.

"आमार जन्मो ओपारे."

ओपारे म्हणजे पल्याड. माझा जन्म पल्याडचा. आणि मग ती थांबेचना. लहान असताना मावशीने कडेवर घेऊन तिला नदी ओलांडून आणलं होतं. आई मागेच राहिली, पुन्हा दिसली नाही. मावशीने अलीकडे वाढवलं आणि अलीकडचीच म्हणून लग्न लावून दिलं. नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही. हे सगळं ती सारवणाच्या ओल्या जमिनीकडे बघत बोलत गेली.

गयाबाईला एक अक्षर कळलं नाही. तिने विचारलं, "काय म्हणून राहिली रे ती?"

मामा म्हणाले, "मला जाऊ दे गयाबाई." आणि घरी आले.

त्या अंगणात ऐकणारे दोघे आणि समजणारा एकटा. त्यांनी साहेबांना 'इकडचीच आहे' म्हटलं असतं तर साहेबांनी तसंच वर कळवलं असतं. मामांच्या शब्दावर कोणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. हे मामांना माहीत होतं, आणि तेच त्यांना जड गेलं.

काही दिवस मामा ठाण्याकडे फिरकले नाहीत. साहेबांनी फोन केला तर उचलला नाही. काकू सांगायच्या, की त्या दिवसांत ते मेंढरांमागे जायचे आणि अंधार पडला की यायचे. जेवायचे नाहीत. एकदा ताटावर बसून त्यांनीच विषय काढला.

"मी खोटं बोललो तर एकदाच बोलंन, कौसा. पण मंग उद्या दुसऱ्या कुणाला मी इकडचा म्हणलो तर ते खरं कसं ऱ्हाईल? इतकी माणसं माझ्या जबानीवर सुटली."

काकू म्हणाल्या, "तुमची जबान ऱ्हाईल. पोरीचं घर जाईल."

मामांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात आले.

मी तिथेच होते. मामा साहेबांसमोर उभे राहिले आणि तिने जे सांगितलं ते सगळं सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मामा," ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"तुमी इचारलं व्हतं."

"आता मला न ऐकल्यासारखं करता येत नाही."

"ठाव हाय."

महिला शिपाई म्हणून तिला आणायला मलाच जावं लागलं. गयाबाईने मला अडवलं नाही. मामांच्या घराकडे तोंड करून तिने दोन्ही हातांनी माती उचलली आणि त्या दिशेला फेकली. शेवंताने धाकटीला सासूच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि गाडीत बसली. वाटेत ती एवढंच बोलली.

"ताई, मामंजींनी आधी सांगितलं व्हतं, इचार करून बोल म्हणून. मी आयकलं बी. पण मला वाटलं, मी माझ्या बोलीत सांगितलं तर ते बोलीतच ठिवतील."

ठाण्यासमोर गाडी थांबली, तेव्हा मी आधी उतरून तिच्यासाठी दार धरलं.

गुन्हा दाखल झाला, तिची तुरुंगात रवानगी झाली. गावाने मामांचं नाव टाकलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. मामा पारावर आले की माणसं उठून जायची, एवढंच. त्यांच्या भावाने स्वतःची मेंढरं वेगळी केली. भगवान परत आला, तो मामांच्या दारात उभा राहिला आणि एकच शब्द बोलला, "काहून?" मामा मेंढवाड्याकडे वळले. तो गेला.

मामांनी पोलीस पाटीलकी सोडली. प्रांत कार्यालयात राजीनामा देऊन आले आणि तसेच हिंगोलीला वकिलाकडे गेले, शेवंतासाठी. वकील तरुण होता. त्याने विचारलं, "तुम्ही तिचे कोण?"

"तिच्या विरुद्धचा साक्षीदार."

वकिलाला ती चेष्टा वाटली. मग कळल्यावर तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, की मामा, तुम्ही कोर्टात एवढंच म्हणा, माझं बंगाली कच्चं आहे, माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. बाकी मी बघतो. मामा म्हणाले, "कच्चं हाय, ते खरंच हाय. पण तिचं मला समजलं व्हतं."

पहिल्यांदा जामीन नाकारला गेला. काही महिन्यांनी वरच्या कोर्टात झाला. अट अशी, की दर आठवड्याला ठाण्यात हजेरी आणि जमीन असलेला जामीनदार. भगवानच्या नावावर जमीन नाही. गावात कोणी पुढे येईना. परक्या देशाच्या बाईला जामीन राहिलो तर आपल्यालाच नोटीस येईल, असं लोकांच्या मनात बसलेलं. मामांनी आपला सातबारा नेऊन दिला. कोर्टातल्या कारकुनाने कागद उलटसुलट केला, म्हणाला, "अहो, हे तर सरकारी साक्षीदार!" वकील म्हणाला, "साक्षीदाराने जामीन राहू नये असं कुठं लिहिलंय?" तिच्या सुटकेच्या दिवशी मामा कोर्टाकडे गेले नाहीत. गयाबाई आणि भगवान तिला घेऊन आले. सातबारा कोणाचा आहे हे त्यांना माहीत होतं. तरी मामांच्या दारावरून ते न थांबता गेले.

मामांनी पद सोडल्यापासून आमच्या ठाण्यात दुभाष्या राहिला नाही. साहेब बदलले. नवे साहेब तरुण, त्यांच्या फोनमध्ये सगळ्या भाषा. माणसाच्या तोंडाजवळ फोन धरायचा, तो बोलतो, फोन मराठीत सांगतो. लवकर होतं. पण पहिल्यांदा तो फोन वापरला तेव्हा समोरचा पोरगा बोलायला लागला आणि मी नकळत थांबले, की आता आधी कोणीतरी काहीतरी म्हणेल. कोणी काही म्हटलं नाही.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते हिंगोलीच्या कोर्टात. शेवंताला आणलं ती शिपाई म्हणून मलाही साक्षीचं समन्स होतं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला मामा बसलेले. टोपी धुतलेली, बूट चकचकीत, गालफडं मात्र पार आत गेलेली. दुसऱ्या टोकाला गयाबाई, तिच्या मांडीवर धाकटी झोपलेली. शेवंता भिंतीला टेकून उभी. बाकाचा मधला भाग मोकळा. मी त्या मोकळ्या जागेत जाऊन बसले.

मामांचं नाव पुकारलं गेलं. ते आत गेले, आरोपी म्हणून शेवंताही गेली. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. सरकारी वकिलाने विचारलं, मामांनी सांगितलं. ती काय म्हणाली, कोणत्या शब्दांत म्हणाली, सगळं. कमी नाही, जास्त नाही. गयाबाई मान खाली घालून ऐकत होती. मग शेवंताचा वकील उठला. त्याने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही सीमेवर इतकी वर्षं होता. सीमा ओलांडणारी माणसं पाहिलीत. या बाईने सीमा ओलांडली असं तुम्ही म्हणाल का?"

मामांनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"न्हाई म्हणणार," ते म्हणाले. "तिनं न्हाई वलांडली. तिला वलांडून आणलं. भाईर बाकावर तिचं लेकरू झोपलंय बघा. तेवढी व्हती ती. आता ते लेकरू कुणी उचलून कुठं नेलं, तर त्यात लेकराचा काय गुन्हा? मला जे इचारलं ते मी खरं सांगितलं, साहेब. अन् हे बी खरंच हाय. मी पोलीस पाटील व्हतो तवा मला कुणी हे इचारलं न्हाई."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल त्या दिवशी लागायचा नव्हताच. अजूनही लागलेला नाही. शेवंता गावातच आहे, दर आठवड्याला ठाण्यात हजेरीला येते. तिला परत पाठवायचं की ठेवायचं, हे कोर्ट ठरवेल. मामा मात्र त्यानंतरच्या थंडीत गेले. झोपेतच गेले, असं काकूंनी सांगितलं. मातीला गावातलं कोण आलं, कोण नाही, हे मी विचारलं नाही.

पण मी सांगत होते ते कोर्टातलं. मामा साक्ष देऊन बाहेर आले आणि बाकाच्या आपल्या टोकाला जाऊन बसले. पुढची तारीख घ्यायची होती, सह्या-अंगठे बाकी होते. शेवंता आतच होती, कारकुनाने गयाबाईलाही आत बोलावलं. भगवान खाली वकिलाबरोबर गेलेला. गयाबाई उठली. झोपलेलं लेकरू घेऊन तिने इकडेतिकडे पाहिलं. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला ओलांडून पुढे गेली. मामांसमोर उभी राहिली. धाकटीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, तिचा झगा नीट केला आणि आत गेली.

मामांनी दोन्ही हात वर उचलले होते, जणू लेकराला लावायची मुभा आहे की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मग एक हात त्यांनी तिच्या डोक्याखाली घातला. बाक अरुंद होता. तिचे पाय लोंबकळत होते. मामांनी गुडघा थोडा वर घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. त्यांचा पाय थरथरायला लागलेला मला दिसत होता. मी म्हटलं, "मामा, द्या माझ्याकडं."

त्यांनी मान हलवली. "जागी व्हईल," ते म्हणाले.